आजारातून उठलेला ससा आपणहून खात नाहीये, पावसाळ्यात कोकणात काय काय देता येईल?

मोगरा_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. आमचा ससा बुधल्या, साडेतीन वर्षांचा, आजाराआधी वजन दीड किलोच्या आसपास. मध्यंतरी त्याने खाणं सोडलं, तोंडातून लाळ गळायला लागली, हनुवटीखालचे केस कायम ओले आणि चिकट. इथल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की मागच्या दाढांना टोकं आलीयेत, ती जिभेला टोचतायत, भूल देऊन घासावी लागतील आणि त्यासाठी कोल्हापूरला न्या. भर पावसात आंबा घाटातून नेऊन आणला. दाढा घासून झाल्या, भुलीतून छान उठला. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलंय, आतडं चालू राहायचं औषध दिलंय आणि सिरिंजने भरवत राहा म्हणालेत, ते सगळं करतेय.

पण हा आपणहून खातच नाहीये. गवतापाशी जातो, हुंगतो, एखादी काडी उचलतो, दोनदा चावतो आणि टाकून देतो. पेलेटकडे (सशांचं तयार दाणेदार खाणं) ढुंकून बघत नाही. आधी कोथिंबिरीच्या जुडीचा आवाज आला तरी पायात घोटाळायचा, आता कोथिंबीर समोर ठेवली तरी तोंड फिरवतो. लेंड्या येतायत पण बारीक, मिरीएवढ्या. त्यात ऑनलाइन मागवलेलं टिमथी गवत या दमट हवेत कुबट वास मारायला लागलंय.

ज्यांनी असं आजारपण काढलंय त्यांनी सांगा, त्याला परत खायला कसं लावायचं? आणि आत्ता आपल्याकडे जे हिरवं उगवलंय त्यातलं काय चालेल, काय अजिबात नको?

कोकमसरबत
आधी ते कुबट गवत टाकून द्या ताई, सगळंच्या सगळं. बुरशी डोळ्यांना दिसत नसली तरी वासावरून कळते. आजारी सशाला तर नकोच, धडधाकट सशालाही नको. तव्यावर गरम केलं किंवा उन्हात टाकलं तरी बुरशीचं विष जात नाही.

निवांत
मी वेगळं सांगतो. आमच्याकडे कुत्रे-मांजरं भरपूर झाली, जनावर आजारातून उठलं की एक-दोन दिवस तोंडाला काही लावत नाही, पोटाला विश्रांती मिळते आणि भूक लागली की आपोआप खातं. इतकं सिरिंज घेऊन मागे लागू नये, त्यानेच ते बुजत असेल.

तालुक्याचा_तात्या
निवांतराव, कुत्र्यामांजराला हे एक वेळ चालेल, सशाला चालत नाही. पशुसंवर्धन खात्यात आयुष्य गेलं माझं, गुरंढोरं जास्त बघितली पण ससेही बरेच बघितले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सशाचं पोट रिकामं राहण्यासाठी बनलेलंच नाही. त्याचं आतडं चोथ्यावर चालतं, वरून चोथा येत राहिला की पुढचं पुढे सरकतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आत गॅस धरतो, गॅसने पोट दुखतं, पोट दुखलं की आणखी खात नाही. हे चक्र फार लवकर फिरतं. ससा उलटी करू शकत नाही त्यामुळे वरच्या वाटेने मोकळं व्हायची सोय नाही. आणि उपास लांबला की शरीरातली चरबी यकृतात जाऊन साठते, जाड सशात तर लवकरच. म्हणून नियम असा धरायचा की सशाने बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही तर वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा, रात्र असली तरी फोन करायचा.

मोगरा, तुझ्या बुधल्याच्या लेंड्या येतायत ना, मग रस्ता चालू आहे, हे चांगलं लक्षण आहे. सिरिंज थांबवू नकोस. आधी एवढं सांग, दुखण्याचं औषध नक्की वेळेवर पोटात जातंय का? आणि तो बसतो कसा?

बाबलो
मोगराताय, काळजी करू नको गो. आमच्याकडे पयले बरेच ससे होते, आयेक लय हौस. ससो रुसलो काय आये परड्यातली ताजी हरळी आणून तेच्या नाकाकडे धरी. खाय नाय तर बाजूच्या सशाक खाऊक घाली, तेचा बघून ह्यो पण तोंड घाली.

ऋचा_दापोली
बाबलो म्हणतोय ते अगदी खरं आहे. आमच्या जोडीतला एक आजारी पडला की आम्ही दुसऱ्याला वेगळा ठेवतच नाही (संसर्गाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी). डॉक्टरकडे नेतानाही दोघांना एकाच पिंजऱ्यात नेतो. सोबती शेजारी बसून कुरूकुरू खायला लागला की आजारी सशाची मान आपोआप वळते. मोगरा, बुधल्या एकटाच आहे का?

मोगरा_रत्नागिरी
हो ऋचाताई, एकटाच आहे.

तात्या, दुखण्याचं औषध सकाळी देतेय, गोडसर आहे त्यामुळे ते मात्र चाटून पितो. बसतो असा की पुढचे पाय छातीखाली घेऊन, पाठ किंचित वर. मधूनच दात खातो, कर्र कर्र आवाज येतो. आधी मांडीवर घेऊन डोकं खाजवलं की दात वाजवायचा, तसाच आवाज वाटतो मला, म्हणजे खूश असेल का?

तालुक्याचा_तात्या
नाही ग पोरी. लाड करून घेताना दात वाजतात तो आवाज बारीक, हलका असतो, डोळे अर्धे मिटलेले, अंग सैल सोडलेलं. पाठ वर काढून, अंग चोरून, जोरात दात खातोय म्हणजे दुखतंय. तोंड दुखत असेल, पोटही दुखत असेल. कोल्हापूरच्या डॉक्टरांना आजच फोन कर आणि हेच शब्दात सांग. कितीदा आणि किती औषध द्यायचं ते वजनावर असतं, ते ठरवतील. तुझ्या मनाने डोस वाढवू नकोस, आणि घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्यांना तर हातच लावू नकोस. दुखणं आवरल्याशिवाय जगातला कुठलाही पाला पुढे ठेवलास तरी तो खाणार नाही. पहिलं दुखणं, दुसरं ऊब, तिसरं पाणी आणि मग खाणं, या क्रमाने जायचं.

ऊब म्हणजे काय तर कान हाताला लावून बघ, गार लागतात का. सशाचं अंग साधारण १०१ ते १०४ फॅरनहाइट असतं. गार पडलेल्या सशाला भरवू नये, आधी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेव, मऊ फडक्यावर बसव, कान उबदार झाले की मग सिरिंज. बाटलीपासून सरकून लांब जायला जागा ठेव म्हणजे झालं.

अजून एक. पोट हाताला टणक, फुगलेलं, ताणलेल्या ढोलकीगत लागलं तर भरवायचं नाही, सरळ डॉक्टर. आत काही अडकलं असेल तर वरून भरून जिवावर बेतेल.

किनारा
अवांतर आहे पण माझी आई विचारतेय की थोडा ताकभात दिला तर? आमच्या घरी सगळ्या आजारांवर ताकभात असतो :)

कोकमसरबत
काकूंना नमस्कार सांगा आणि ताकभात घरातल्यांसाठीच ठेवा :) सशाला भात, पोळी, बिस्किट, पाव काही नको. पिठूळ पदार्थाने त्याच्या आतड्यातले चांगले जंतू बिघडतात आणि नको ते वाढतात. मोठ्या सशाला दूध-ताकही पचत नाही.

याच निमित्ताने एक महत्त्वाचं लिहिते, कारण आपल्याकडे हे सर्रास होतं. आमच्या शेजारी एक फार गोड ससा होता, त्याला शिंका यायला लागल्या. त्यांनी एका मेडिकलमध्ये विचारलं, तिथे लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप हातात दिलं. सशाला ते तोंडाने देत नाहीत, आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि विषारी जंतू फोफावतात. जुलाब लागून गेला बिचारा. त्यांच्या मुलीचं रडणं आठवलं की अजून घशात येतं. पेनिसिलिनच्या घरातली औषधं, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही तोंडाने नकोत. आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळतं ते फिप्रोनिल सशावर अजिबात मारायचं नाही. कुठलंही औषध देण्याआधी डॉक्टरांना 'हा ससा आहे' असं स्पष्ट सांगा.

निवांत
तात्या, आतड्याचं पटलं, हे मला माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा अर्धा तरी ठेवा, धरून बांधून भरवलं की जनावराला माणसाची भीती बसते, मग ते माणूस दिसला की लपतं आणि खाणं अजूनच मागे पडतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ऋचा_दापोली
निवांत, तुमचा मुद्दा अर्धा नाही पूर्ण ठेवते. भरवायचं आहेच, पण कसं भरवतो त्यावर सगळं आहे. माझी पद्धत लिहिते, मोगराला उपयोगी पडेल.

भरवण्यासाठी क्रिटिकल केअर नावाची पूड मिळते ती उत्तम, पण कोकणात पार्सल यायला वेळ लागतो, दरड कोसळली की अजूनच. तोवर रोजचे पेलेट घ्यायचे (साधे हिरवे, त्यात रंगीत दाणे, सुकामेवा असलं काही नको), मिक्सरच्या छोट्या भांड्यात कोरडेच अगदी बारीक दळायचे, पिठाच्या चाळणीने चाळायचे, कोमट पाण्यात कालवून पंधरा-वीस मिनिटं फुगू द्यायचे. फुगल्यावर घट्ट होतं, मग परत पाणी घालायचं. सिरिंजमधून न अडकता यावं इतपत पातळ. मोठी सिरिंज घेऊ नका, दाबताना एकदम भस्सकन जातं. १ मिलीची घ्यायची, सुई अर्थात नाही, टोक थोडं कापून कड नखं घासायच्या कानशीने घासून गुळगुळीत करायची म्हणजे हिरडीला लागत नाही.

मी ओट्यावर किंवा टेबलावर घेत नाही, जमिनीवर मांडी घालून बसते. ससा टॉवेलवर, त्याची पाठ माझ्या पोटाकडे, म्हणजे मागे सरकला तरी माझ्यापाशीच येतो. टॉवेल दोन्ही बाजूंनी हलका लपेटायचा, छाती आवळायची नाही. उताणा तर कधीच करायचा नाही, अन्न श्वासनळीत जातं, ससा नाकानेच श्वास घेतो त्यामुळे ठसका त्याला फार महागात पडतो. सिरिंज समोरून घुसवायची नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, ओठाच्या कडेने तिथे अलगद सरकवायची, अर्धा मिली सोडायचं आणि थांबायचं. तोंड हललं, गिळलं की मग पुढचं. एका बाजूने दोन-तीनदा, मग दुसऱ्या बाजूने. नाकाला लागलं तर लगेच पुसायचं. झालं की ओल्या फडक्याने हनुवटी पुसायची, नाहीतर ते वाळून कातडी लाल होते.

आणि निवांत तुमच्यासाठी खास, भरवून झालं की मी लगेच उठत नाही. तिथेच बसते, कपाळ चोळते, एक आवडीचं पान देते. सिरिंज म्हणजे शिक्षा असं त्याच्या डोक्यात बसू देत नाही. आमचा दुसरा ससा तर शेवटी शेवटी सिरिंज दिसली की स्वतः येऊन चावायचा, थांबवणं अवघड झालं होतं :)

तालुक्याचा_तात्या
ऋचाने फार उत्तम लिहिलंय. प्रमाणाचं मी सांगतो. तो काहीच खात नसेल तर दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली कालवलेलं खाणं, चार-पाच वेळांत विभागून. दीड किलोच्या सशाला झालं पाऊणशे मिली. एकदम तेवढ्यावर उडी मारायची नाही, पहिल्या दिवशी थोडं थोडं. पाणी वेगळं. निरोगी ससा किलोमागे ५० ते १०० मिली पाणी पितो. बाटलीची नळी चाटायला तोंड दुखत असेल तर जड वाटीत पाणी ठेव, बरेच ससे वाटीतून जास्त पितात. पाला धुऊन न झटकता दिलास की तेवढंच पाणी पोटात.

बाबलो
तात्यानू, ओलो पालो घातलो काय सशाक ढाळ लागतत असा सगळे म्हणतत मा?

तालुक्याचा_तात्या
बाबल्या, ऐकत मीही आलोय ते. पाण्याने काही होत नाही रे. होतं काय की पावसात कापलेला पाला भाऱ्यात दाबून ठेवतात, दुपारपर्यंत तो आतून गरम होतो, आंबतो, तो घातला की पोट बिघडतं, आणि दोष पाण्याला. आत्ता तोडला, धुतला आणि दिला तर काही होत नाही. आंबायला लागलेला पाला हाताला कोमट लागतो, तसा लागला की टाकून द्यायचा.

सड्यावरचा
हिरव्याबद्दल मी लिहितो, राजापूरकडे सड्यावर (कातळाच्या माळावर) घर आहे आणि ससे गेली बरीच वर्षं. पहिले न्यूझीलंड व्हाईट जातीचे होते, आता घरात फिरणारे दोन आहेत.

आत्ताच्या दिवसांत हरळी म्हणजे दूर्वा हे सगळ्यात भरवशाचं. कोवळ्या दूर्वा आजारी ससाही ओठ लावून बघतो. दुसरं बांबूचं पान, हे फार जणांना माहीत नसतं पण आमच्या एका सशाने आजारात पहिली जी गोष्ट खाल्ली ती बांबूची पानं. लांबट, करकरीत असतात, तोंडात धरून ओढत ओढत खातो. मग जास्वंदीची पानं आणि फूल, तुतीचा पाला, केळीच्या पानाची पट्टी, शेवग्याचा पाला थोडासा (ताकदीचा आहे, मुठीने नको), पुदिना, तुळस, सब्जाची पानं, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. वासाचं पान आधी द्यायचं, आजारात सशाची भूक नाकातून जागी होते. पुदिना हातावर चुरडून तोच हात गवतावर फिरवायचा, गवताला वास लागतो.

आता नको ते. अळू नको, घशाला खाज. घाणेरी, कण्हेर विषारी. कांदा, लसूण, बटाटा नको. कोबी-फ्लॉवर आत्ता नको, गॅस. मुळात सलाडचं ते पांढरट पाणचट लेट्यूस द्यायचंच नाही, त्यात काही नसतं.

आणि गवत कुठून काढता ते बघा. हापूसच्या कलमांना पावसाळ्यात बुंध्याशी कल्टार (मोहोर धरायचं रसायन) घालतात, काजूच्या बागांत तणनाशक मारतात. हिरवंगार दिसतंय म्हणून दुसऱ्याच्या बागेतलं काढू नका, मालकाला विचारा. रस्त्याकडेचं नको. भाताच्या बांधावरचं काढत असाल तर पायात गमबूट घाला, हात धुवा, उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो तो आपल्याला, आणि पालाही दोन-तीन पाण्यांतून धुवा.

किनारा
फणसाचा पाला चालतो का? आमच्याकडे बोकड तुटून पडतात त्यावर.

सड्यावरचा
निरोगी सशाला कोवळं पान अधूनमधून चालतं, आमचे खातात. पण बुधल्याच्या दाढा आत्ताच घासल्यायत, फणसाचं पान जाड आणि चिवट, त्याला आत्ता नको.

ऋचा_दापोली
यावरून आठवलं, दाढा घासल्यावर काही दिवस चावायची पद्धतच बदलते. आधी टोकं टोचत होती म्हणून तो जबडा वाकडा करून चावायला शिकलेला असतो, आता टोकं गेली तरी सवय आणि भीती राहते. मोगरा लिहितेय की काडी उचलतो आणि टाकतो, म्हणजे खायचंय पण जमत नाहीये. अशा सशाला पाला कात्रीने अगदी बारीक, शेवयांसारखा कापून द्यायचा. आणि एक लांब दूर्वा हातात धरून ओठाच्या कडेला टेकवायची, आत ढकलायची नाही. तो चिडून का होईना धरतो आणि धरलं की चावतो.

निवांत
केळ्याचा तुकडा? साखर पोटात जाऊन तरतरी येईल असं वाटतं.

ऋचा_दापोली
नखाएवढा, तोही लाच म्हणून. केळं कुस्करून बोटाच्या टोकाने दूर्वेला नावापुरतं लावायचं. ससे गोडाला फार लगेच सोकावतात आणि मग गवताकडे बघत नाहीत. शिवाय मंदावलेल्या आतड्यात साखर गेली की गॅस. केळ्याची फोड समोर आली की आमचा ससा टोळासारखा उडी मारतो, पण आम्ही मन घट्ट करतो.

केवड्याचं_पान
धाग्यात मध्येच शिरतेय, माफ करा. आमच्या काजूच्या बागेत सफाई करताना गड्याला रानसशाचं पिल्लू सापडलं, मूठभर आहे, घरी आणलंय. दूध पीत नाही. वरची सिरिंजची पद्धत याला चालेल का?

तालुक्याचा_तात्या
नाही, याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. रानससा ही वेगळी जात, पाळीव ससा वेगळा. रानसशाचं पिल्लू उघड्या डोळ्यांनी आणि अंगावर केस घेऊनच जन्मतं, आई त्याला गवतात ठेवून दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. ते टाकलेलं नसतं. जखम दिसत नसेल तर जिथे सापडलं तिथेच नेऊन ठेवा, कुत्रे बांधून ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई सोडून देते हे खरं नाही. जखमी असेल तर वनखात्याला फोन करा, १९२६ हा हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानससा घरी पाळता येत नाही.

केवड्याचं_पान
गडी आत्ताच जाऊन ठेवून आला तिथेच. उद्या सकाळी लांबून बघू. खूप आभार तात्या.

मोगरा_रत्नागिरी
सगळ्यांचे किती आभार मानू. काय झालं ते सांगते. डॉक्टरांना फोन केला, दात खाण्याचं आणि पाठ काढून बसण्याचं सांगितलं, त्यांनी लगेच दुखण्याच्या औषधाची वेळ आणि प्रमाण बदलून दिलं. कुबट गवत टाकलं. परसात पलीकडच्या काकांचं बांबूचं बेट आहे, त्यांना विचारून पानं आणली. दूर्वा तर गणपतीसाठी काढतो त्याच जागेतून.

काल दिवसभर काहीच नाही. संध्याकाळी लाईट गेली, घरात शांतता, टीव्ही बंद, मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि बांबूचं पान ओठाला टेकवून ठेवलं. आधी मान फिरवली. मग पानाचं टोक धरलं, थांबला, जबडा एकदा वाकडा फिरवला आणि मग कर्र कर्र करत पान आत जायला लागलं, अर्ध्यावर आलं तेव्हा मला श्वास घ्यायची आठवण झाली. पूर्ण पान संपवलं! मग अजून दोन. जास्वंदीचं फूल मात्र नुसतं हुंगून सोडलं.

पेलेट अजून नाही. लेंड्या आज सकाळी थोड्या मोठ्या आहेत पण काही एकमेकींना केसांनी जोडलेल्या, माळ केल्यासारख्या. हे ठीक आहे ना?

बाबलो
जिंकलस गो बाय!! बुधल्याक माझ्याकडून दोन दूर्वा जास्त.

कोकमसरबत
वाचून डोळ्यांत पाणी आलं. नाव बुधल्या आहे, लवकर परत नावासारखा गुबगुबीत होऊ दे.

तालुक्याचा_तात्या
शाब्बास. केसांच्या माळा दिसल्या म्हणजे स्वतःला चाटलेले केस आतून पुढे सरकतायत, घाबरू नकोस, पण रोज विंचर म्हणजे पोटात केस कमी जातील. अननसाचा रस किंवा पपई दिली की पोटातले केस विरघळतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, तसं होत नाही. चोथा आणि पाणी यानेच केस पुढे जातात.

अजून एक बघ. पहाटे खोक्यात काळसर, चकचकीत, मऊ, बारीक द्राक्षांच्या घडासारखं काही पडलेलं दिसतं का? ते ससा सरळ तोंडाने घेऊन परत खातो, त्यात त्याची जीवनसत्त्वं असतात. ते पडून राहत असेल तर अजून पुरती ताकद आली नाही किंवा वाकून पाठीमागे तोंड नेताना दुखतंय असं समज. साफसफाई करताना घाण म्हणून लगेच उचलू नकोस.

सिरिंज आत्ता बंद करायची नाही. तीन पानं म्हणजे जेवण नव्हे. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर रोज एकाच वेळी टोपलीत बसवून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. वजन उतरत नाहीये आणि गवत आपणहून खातोय असं दिसलं की सिरिंजची एक वेळ कमी. दोन दिवस तसंच टिकलं तर दुसरी कमी. वजन घसरलं की परत मागे. पेलेटची घाई नाही, पेलेट शेवटी आलं तरी चालेल, गवत आधी आलं पाहिजे. दाढा गवतानेच झिजतात, पेलेट नुसते चुरडले जातात. सशाचे सगळेच दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलीमीटर. एकदा टोकं आली म्हणजे परत येण्याचा संभव असतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेली फेरतपासणीची तारीख चुकवू नकोस, लाळ दिसेपर्यंत थांबू नकोस.

निवांत
लाईट गेल्यावर खाल्लं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शांतता हवी होती त्याला. पुढे गणपतीत फटाके, ताशे सुरू होतील तेव्हा खोका आतल्या खोलीत हलवा, दाराला जाड गोधडी लावा. आमच्या मांजरांनाही तेव्हा तसंच ठेवतो.

मोगरा_रत्नागिरी
हो निवांतदादा, मागच्या खोलीत जागा करते. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो जास्त जागा असतो असं दिसतंय, त्या वेळीच ताजा पाला ठेवीन. तात्या, ते मऊ घड काल पडून होते, आज नाहीत, म्हणजे खाल्ले असणार. वजनकाटा आहे, आजपासून वही सुरू.

आता माझा शेवटचा प्रश्न सड्यावरच्या दादांना. सुक्या गवताचं काय करू? नवीन टिमथी मागवलं तरी या हवेत परत कुबट होणार.

सड्यावरचा
मोठी गोणी मागवू नका, अर्धा-एक किलोचंच पाकीट मागवा आणि आल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. कापडी पिशवी, उशीचा अभ्रा चालतो, जमिनीपासून आणि भिंतीपासून लांब टांगायचा. घरात चूल असेल तर तिच्या वरच्या माळ्यावर, तिथे पावसातही कोरडं राहतं, धुराचा वास लागणार नाही इतक्या बाजूला. रोज लागेल तेवढंच काढायचं आणि नाकाशी नेऊन बघायचं, गोडसर वास आला तर घाला. भाताचा पेंढा बसायला घाला, पोट भरायला त्याच्यावर अवलंबून राहू नका, त्यात कस नाही. तोवर हिरव्या गवतावर तो आनंदाने राहील.

आणि पाऊस गेला की आमच्या सड्यावरचं गवत पिवळं व्हायच्या आधी, दाणा धरता धरता कापतो, कातळावर ऊन चांगलं तापतं, दोन दिवसांत करकरीत वाळतं पण रंग हिरवा राहतो. औषध-खत काही नसतं तिथे. माझ्या सशांसाठी दरवर्षी करतोच, यंदा तुमचा एक भारा जास्त बांधीन. रत्नागिरीला एसटीने पाठवता येईल, पत्ता मला वेगळा निरोप करून कळवा, इथे उघड्यावर टाकू नका.

ऋचा_दापोली
सड्यावरचे दादा, दापोलीला पण एक भारा!

सड्यावरचा
बांधतो ताई. दोन सशांना लागतो त्या मापाने, की जास्त?